नदीच्या शेवटाला कोण राहते?

आपल्या बहुतेक वस्त्या गावाच्या उताराला आहेत. पावसाळ्यात वरच्या आळीचे पाणी, शेण, प्लास्टिक सगळे वाहत आपल्या दारापुढच्या गटारात येते. घाण करणारा वर आणि भोगणारा खाली, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. नदीचेही तसेच आहे. नदी जिथे समुद्राला मिळते ती जागा म्हणजे सगळ्या उतारांचा शेवटचा उतार. कोकणात तिला खाडी म्हणतात. तिथल्या झाडांचे आणि जिवांचे पाण्यामुळे काय होते, ते या वेळी समजून घेऊ.

पिंगळीतल्या आया-बहिणी म्हणतील, समुद्र एवढा लांब, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध पाण्याचा आहे. आपले सांडपाणी ओढ्यात जाते, ओढा नदीला मिळतो आणि परभणी जिल्ह्याचे पाणी शेवटी गोदावरीत जाते. गोदावरी नांदेडवरून तेलंगणात, तिथून आंध्र प्रदेशात जाते आणि १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाजवळ, काकिनाडा शहराच्या बाजूला, कोरिंगाचे खारफुटीचे जंगल आहे. १९७८ पासून ते अभयारण्य आहे. तिथे पाणमांजरे आहेत, मासे धरून खाणारे रानमांजर आहे, खेकडे, कोळंबी आणि तऱ्हेतऱ्हेचे पक्षी आहेत.

गोडे आणि खारे पाणी

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते. नदीमुखात हे प्रमाण सारखे बदलते. भरती आली की पाणी खारे होते, नदीला पूर आला की गोडे होते. तिथले जीव या बदलाला सरावलेले असतात. कालवे शिंपला मिटून घेतात. कोळंबी अंडी समुद्रात घालते, पण तिची पिल्ले खाडीच्या शांत पाण्यात येऊन वाढतात. गोदावरीतला नावाजलेला पुलसा मासा पावसाळ्यात समुद्रातून उलटा नदीत चढतो आणि तिथे अंडी घालतो. वरून गोडे पाणी कमी आले, तर खारेपणा वाढतो आणि हे सगळे वेळापत्रक बिघडते. गाळाचेही तसेच आहे. तो धरणात अडून राहिला, तर मुखाजवळची जमीन भरून निघत नाही आणि समुद्र ती खात जातो.

प्राणवायू कसा संपतो

दवाखान्यात धाप लागलेल्या रुग्णाच्या बोटाला चिमटा लावून आम्ही आधी प्राणवायू बघतो. पाण्याची तब्येतही तशीच बघतात. आपण घेतो त्या हवेच्या शंभर भागांत सुमारे २१ भाग प्राणवायू असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मात्र स्वच्छ नदीच्या एका लिटर पाण्यात जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम विरघळतो. खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. बहुतेक माशांना चार-पाच मिलिग्रॅम तरी लागतो. तो दोनच्या खाली गेला, की मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात.

हा प्राणवायू संपवते कोण? मैला, खरकटे, साखर कारखान्याची मळी असे काही पाण्यात आले, की जंतू ते कुजवू लागतात. कुजवताना ते पाण्यातला प्राणवायू वापरतात. घाण जितकी जास्त, तितका प्राणवायू कमी. शिवाय मैल्यात आणि शेतातून वाहून आलेल्या युरियात शेवाळाचे खाद्य असते. पाणी हिरवेगार होते. ते शेवाळ रात्री प्राणवायू घेते आणि मेल्यावर कुजून आणखी संपवते. म्हणून मासे बहुतेक वेळा पहाटे मरून तरंगताना दिसतात.

झाडांवरही परिणाम होतो. खारफुटीची मुळे चिखलात असतात आणि त्या चिखलात हवा नसते. म्हणून तिवरासारखी झाडे काड्यांसारखी मुळे जमिनीबाहेर काढून श्वास घेतात. त्यांच्यावर प्लास्टिक अडकले किंवा तेलाचा थर बसला, तर झाड गुदमरते. आणि या झाडांच्या मुळांतच माशांची पिल्ले लपून वाढतात.

पक्षी आले म्हणजे पाणी चांगले?

पोट भरायला मुंबईला गेलेली आपली बरीच माणसे गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत राहतात. त्यांच्या पलीकडेच ठाण्याची खाडी आहे. तिथे दरवर्षी हजारो गुलाबी रोहित पक्षी येतात. २०१५ साली तिथे अभयारण्य झाले आणि २०२२ साली जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत या खाडीचे नाव आले. पण पक्षी आले म्हणून पाणी स्वच्छ आहे, असे समजू नका. शहराच्या मैलापाण्यावर तिथे शेवाळ माजते आणि रोहित पक्षी ते शेवाळ खातात, असे अभ्यासक सांगतात. त्याच खाडीत कोळी बांधवांच्या जाळ्यात पूर्वीसारखे मासे लागत नाहीत. घाणीत एखादा जीव फोफावतो आणि बाकीचे दहा संपतात. मोजायचे ते कोण संपले हे.

विष माणसापर्यंत येते

जपानमध्ये मिनामाता नावाचे गाव आहे. तिथल्या कारखान्याने पाऱ्याचे विष उपसागरात सोडले. ते आधी बारीक जिवांत, मग शिंपल्यांत, मग मोठ्या माशांत साठत गेले. दर पायरीला ते वाढले. मासे खाऊन आधी मांजरे वेड्यासारखी नाचून मेली. १९५६ साली माणसांचा आजार उघड झाला. आम्हा परिचारिकांना त्यातली एक गोष्ट फार लागते: कित्येक आयांना फारसा त्रास दिसला नाही, पण त्यांच्या पोटातली बाळे अपंग जन्मली. आजारी पडले ते मुख्यतः किनाऱ्यावरचे गरीब मासेमार, कारण रोजचे अन्न तेच होते.

म्हणून मासे खायचे सोडा, असे आम्ही म्हणत नाही. मासा हा गरिबाचा चांगला आहार आहे. पण नदीत, ओढ्यात मरून तरंगणारे मासे फुकट मिळाले तरी घरी आणू नका. जनावरांनाही ते पाणी पाजू नका.

आपण काय करायचे

● फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे ओढ्यात किंवा विहिरीजवळ धुऊ नका. रिकामा डबा पाण्यासाठी, तेलासाठी वापरू नका.

● न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी शोषखड्ड्यात सोडा. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे केले, उघडी गटारे बंद केली आणि गावातले डास कमी झाले. खड्डा हातपंपापासून आणि विहिरीपासून चांगला ५० फूट लांब घ्या. संडासाचे पाणी त्यात सोडू नका.

● ओढ्याच्या पाण्याला अचानक रंग, फेस किंवा उग्र वास आला, तर तारीख लिहा, फोटो काढा. ग्रामपंचायतीला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पाणी घाण करणाऱ्यावर कारवाई करणारा कायदा १९७४ पासून आहे.

एक गोष्ट आपल्या माणसांना सांगायलाच हवी. वरच्या आळीची घाण आपल्या दारात येते, याबद्दल आपण बोलतो आणि बोललेच पाहिजे. पण आपल्या खालीही कुणीतरी आहे: पुढचे गाव, त्यापुढचे शहर, आणि शेवटी गोदावरीच्या मुखाशी कोळंबीवर पोट भरणारे कुटुंब. येत्या पौर्णिमेला विहारात जमाल, तेव्हा वस्तीतले गटार कुठवर जाते ते सगळ्यांनी मिळून चालत जाऊन पाहा आणि वाटेत काय काय त्यात पडते, त्याची यादी करा. ग्रामसभेत मांडायला तीच यादी उपयोगी पडेल.