छोट्या जहाजावरचा खरा दोर

गोव्यात बांधलेले ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाले. अशा जहाजाची प्रतिकृती करण्याचा मोह कोणाही हौशी कारागिराला पडेल. तिचा सांगाडा बहुधा नीट साधतो. घोटाळा होतो तो डेकवर. बाजारात तयार मिळणारे सुकाणूचे चक्र, पितळी कप्प्या आणि लोखंडी नांगर तेथे चिकटवले की पाचव्या शतकातील जहाज क्षणात एकोणिसाव्या शतकात जाऊन बसते.

अजिंठ्याच्या चित्रावरून घडवलेल्या या जहाजाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. दिशा देण्यासाठी सुकाणूची वल्ही आहेत, शिडे चौकोनी आहेत, नाळेवर सिंहयाळी कोरलेला आहे आणि डेकवर हडप्पाकालीन धाटणीचा दगडी नांगर आहे. म्हणजे धातूच्या तयार वस्तूंना येथे जवळजवळ कामच नाही. हवी ती फक्त बांबूची कामटी, बारीक पोताचे लाकूड आणि दोरा.

त्यातही दोरा सर्वांत फसवा. जहाज सुमारे २० मीटर लांब आहे. १:५० या प्रमाणात प्रतिकृती ४० सेंटिमीटरची होईल आणि २५ मिलिमीटर जाडीचा दोर अर्ध्या मिलिमीटरचा. किराणा दुकानातील दोन मिलिमीटरची सुतळी वापरली, तर प्रत्यक्षात तो दोर १० सेंटिमीटर जाड ठरतो. असा दोर कोणता खलाशी ओढणार? खरा काथ्याही येथे चालत नाही. त्याचे तंतू लहान होत नाहीत, ते केसाळ झुडपासारखे उभे राहतात. त्याऐवजी सुती दोरा चहाच्या काळ्या पाण्यात रंगवून वाळवावा आणि मेणावरून ओढावा; मेणाने त्याची लव बसते. दोराचे वेटोळे डेकवर ठेवताना ते पातळ केलेल्या फेविकॉलने भिजवून बोटाने खाली दाबावे. एरवी हलका दोरा तारेसारखा ताठ राहतो आणि वजनाचा भास होत नाही.

नांगराबाबतही हाच न्याय लागू होतो. जांभ्याचा खराखुरा तुकडा लावण्याचा उत्साह आवरावा, कारण त्याची छिद्रे या प्रमाणात बादलीएवढी दिसतील. एम-सीलचा गोळा घडवावा, ओला असतानाच त्याला सुईने दोर ओवण्याचे भोक पाडावे आणि सुकल्यावर घासून करडा रंग द्यावा. वल्ह्यांसाठी कामटी तासून घ्यावी. सागाच्या ठळक रेषा या आकाराला शोभत नाहीत, हेदूसारखे बारीक पोताचे लाकूड बरे.

प्रत्येक वस्तू बसवण्यापूर्वी तिच्याशेजारी ३३ मिलिमीटर उंचीची काडी उभी करून पाहावी. ती १६५ सेंटिमीटर उंचीच्या खलाशाची जागा घेते. वल्ह्याची मूठ त्याच्या हाताशी येत नसेल, तर वल्हे पुन्हा तासावे लागते. रंग शेवटी आणि चकाकी नसलेलाच द्यावा. फळ्यांमधील शिवण दाखवण्यासाठी काळ्याऐवजी गडद तपकिरी रेघ पुरे.