कोळंबीचा बरिटो, अर्ध्या तासात

बरिटो मूळचा उत्तर मेक्सिकोचा. सोनोरा, चिवावा या भागांत मक्याइतकाच गहूही रुळला, म्हणून तिथली टॉर्टिया मैद्याची. भात-राजमा ठासून भरलेला आजचा जाडजूड बरिटो मात्र सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात १९६०च्या दशकात रूढ झाला.

कामावरून दमून आल्यावर करायला कोळंबी सोयीची, कारण ती झटकन शिजते. दोघांना पाव किलो सोललेली कोळंबी पुरते. फ्रीजरमधली असेल तर पिशवीसकट गार पाण्यात १५-२० मिनिटं ठेवावी. पाठीवरचा काळा धागा काढून ती फडक्याने अगदी कोरडी करावी. ओली राहिली तर भाजली न जाता उकडते. मग तेल, मीठ, जिरेपूड, लाल तिखट, ठेचलेला लसूण आणि चिमूटभर ओरेगॅनो चोळावं. लिंबू शेवटी, आधी पिळून ठेवलं तर आंबटाने मांस घट्ट होऊ लागतं. चांगल्या तापलेल्या तव्यावर एका थरात, दोन्ही बाजूंनी दीड-दोन मिनिटं. गुलाबी होऊन अर्धगोल वाकली की उतरवा. पूर्ण वेटोळं झालं, तर चावताना रबर!

टॉर्टिया गरम करूनच भरावी, नाहीतर चिरते. मधोमध भात, उकडलेला राजमा, कोळंबी, कांदा-टोमॅटो-कोथिंबीर. कडा आत दुमडून घट्ट गुंडाळा, सांधा खाली ठेवून मिनिटभर शेका. चीज घालायचं तर घाला. माझ्या मते त्याने कोळंबी दबते. आणि उरलेली कोळंबी दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवू नका, फ्रिजमधून काढून गारच खा.