मालाचा शेवटचा मुक्काम

ऑक्टोबर २००३ मधील घटना. दुबईहून लिबियाकडे निघालेले ‘बीबीसी चायना’ हे जर्मन मालकीचे जहाज इटलीतील तारांतो बंदराकडे वळविण्यात आले. त्यावरील पाच कंटेनरांत यंत्रांचे हजारो सुटे भाग सापडले. युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचे ते भाग होते. ते घडविले होते मलेशियातील एका कारखान्याने. हा माल तेल व वायू उद्योगासाठी आहे अशी आपली समजूत होती, असे त्या कंपनीने नंतर सांगितले.

या व्यवहारामागे पाकिस्तानचे शास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांचे जाळे होते. ४ फेब्रुवारी २००४ रोजी त्यांनी दूरचित्रवाणीवर कबुली दिली. इराण आणि उत्तर कोरिया यांनाही याच मार्गाने तंत्रज्ञान मिळाले होते. या जाळ्याचे खरे बळ मात्र प्रयोगशाळेपेक्षा बाजारपेठेत होते. एका देशात सुटे भाग, दुसऱ्या देशात मोटारी, तिसऱ्या देशात दलाल आणि दुबईत मालाची अदलाबदल. प्रत्येक पावती स्वतंत्रपणे पाहिली, तर तो साधा व्यापारच दिसे.

अण्वस्त्रे व क्षेपणास्त्रे यांना लागणाऱ्या पुष्कळ वस्तू दुहेरी उपयोगाच्या असतात. कार्बन फायबर, विशिष्ट प्रतीचे ग्राफाइट, काही व्हॉल्व्ह आणि पंप शांततेच्या उद्योगांतही लागतात. म्हणून भारत सरकारने अशा वस्तूंची ‘स्कोमेट’ ही यादी केली असून त्यांच्या निर्यातीस परवाना आवश्यक आहे. २००५ च्या सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीच्या कायद्याने याहून व्यापक बंधन घातले. वस्तू यादीत नसली, तरी ती अशा शस्त्रासाठी जाणार हे ठाऊक असताना निर्यात करता येत नाही. २०१६ मध्ये भारत क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेचा सदस्यही झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पतपत्राच्या व्यवहारात बँक कागदपत्रे तपासते, माल नव्हे. कागद निर्दोष असले की पैसे मिळतात. परंतु माल शेवटी कोणाच्या हाती पडला, हे त्या कागदांवरून कळतेच असे नाही. ते विचारण्याचे काम विक्रेत्याचेच. ग्राहक उपयोग सांगण्यास टाळाटाळ करतो, महागडे यंत्र घेऊनही उभारणी वा प्रशिक्षण नको म्हणतो, अथवा प्राप्तकर्ता म्हणून केवळ मालवाहतूक दलालाचे नाव देतो, तेव्हा सावध व्हावे.

जैन व्यापाऱ्याला हा विचार नवा नाही. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण आहे. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथात वधास कारण होणारी साधने दुसऱ्यास देणे याला ‘हिंसादान’ म्हटले असून कुऱ्हाड, तलवार यांच्याबरोबर कुदळीचाही त्यात समावेश केला आहे. कुदळ हे तर शेतकऱ्याचेही अवजार! म्हणजे दुहेरी उपयोगाच्या वस्तूचा विवेक आपल्या आचार्यांनी शतकांपूर्वीच सांगून ठेवला आहे. त्याच अनर्थदंडांत प्रमादचर्या, म्हणजे बेपर्वाईचे वर्तनही मोडते.

‘आम्हाला ठाऊक नव्हते’ हे उत्तर कदाचित कायद्यापुढे टिकेल; व्रतापुढे मात्र ‘विचारले का नाही?’ हा प्रश्न उरतोच. त्या एका प्रश्नापायी एखादी मागणी हातची गेली, तरी पेढीच्या वहीत तो तोटा म्हणून लिहू नये.