मुलं मोठ्यांना ओळखू लागली

मराठी कथाकादंबरीतलं मूल मोठं होतं म्हणजे काय होतं, हे बघायचं तर 'श्यामची आई'पासून निघावं लागतं. पुस्तक १९३५ सालचं. पाण्याच्या भीतीनं लपून बसलेल्या श्यामला आई झोडपते आणि विहिरीवर पोहायला धाडते. तो पोहून येतो, पण घुश्शात असतो. मग आई त्याच्या पाठीवरचे वळ बघते, तिचे डोळे भरून येतात. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून हात उचलला, हे तिच्याच तोंडून कळल्यावर श्यामचा राग निवळतो. प्रसंग आजही गलबलवून टाकतो. मात्र ही समज आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आठवणी सांगणाऱ्या प्रौढ श्यामची आहे. लहानग्याच्या मनात काही सलत राहिलं असेल, तर त्याला तिथं जागा नाही.

ती जागा प्रकाश नारायण संतांनी करून दिली. १९९४ मध्ये 'वनवास' आलं आणि आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणारा लंपन 'मॅडसारखं' म्हणत स्वतःच बोलू लागला. आजीच्या तोंडाळपणामागची माया त्याला कोणी समजावून देत नाही. ती त्याला रोजच्या सहवासातून उमगत जाते, आणि वाचकाला त्याच्या जरा आधी.

मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'तला मुकुंद नववीत आहे, बाहेर आणीबाणी आहे. घरात आणि वर्गात मोठी माणसं पुष्कळ, पण मोकळेपणानं बोलावं असा एक नरूमामाच. कोण फक्त वयानं मोठं आहे, हे मुकुंद त्या वर्षात शिकतो.

पुढे ही नजर पडद्यावर उतरली. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'त (२०१५) वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेला चिन्मय भर पावसात किल्ल्यावर एकटा पडतो. मित्र निघून गेलेले असतात. त्यांच्यावरचा राग विरायला वेळ लागतो, आईचं एकटेपण दिसायला त्याहून जास्त.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा 'नाळ' (२०१८). आपण या आईच्या पोटचे नाही, हे चैत्याच्या कानावर पडतं. आई कालचीच आहे, तसंच रागावते, तसंच जेवू घालते. पण आता तिच्या प्रत्येक शब्दात तो परकेपणा शोधतो. तिकडे गोठ्यात म्हशीचं रेडकू मरतं आणि म्हशीनं दूध द्यावं म्हणून त्याच्या कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढं ठेवतात. चैत्या हे बघतो. त्याला काय वाटलं असेल, हे दिग्दर्शक सांगत नाही. श्यामच्या आईला जे बोलून दाखवावं लागलं, ते इथं एका मुलाच्या बघण्यावर सोपवलंय. आठ दशकांत आपण इतकं अंतर चाललो, याचा मला मनापासून आनंद आहे.

एक उणीव मात्र डाचते. श्याम, लंपन, मुकुंद, चिन्मय, चैत्या हे सगळे मुलगे. लंपनची मैत्रीण सुमी आणि मुकुंदच्या वर्गातली शिरोडकर आपल्याला दिसतात त्या लंपनच्या आणि मुकुंदच्या डोळ्यांनी. त्याच वर्गातल्या त्याच वर्षाबद्दल शिरोडकरला काय सांगायचं आहे, ते आता कोणीतरी लिहायला हवं.