तीन मण्यांपासून दीड पृथ्वीपर्यंत

पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५५पासून पेनिसिलिन तयार होऊ लागलं. बुरशी हे औषध घडवते ते अवघ्या तीन अमिनो आम्लांपासून. तीन मण्यांच्या त्या माळेने जगभर लाखो जीव वाचवले. पण जिवाणू तिला सरावले, नंतरच्या औषधांनाही सरावले. औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली.

आता मोठी आशा आहे ती लांब माळांवर, म्हणजे जिवाणूनाशक पेप्टाइडांवर. यांतली बहुतेक धनभारित असतात. जिवाणूचं आवरण ऋणभारित. ती त्याला जाऊन चिकटतात आणि भोकं पाडतात. आपल्या पेशीचा बाहेरचा थर जवळपास उदासीन असल्याने ती बरीचशी वाचते. सगळं आवरणच बदलणं जिवाणूला सोपं नाही. अशक्य मात्र नाही: शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या कोलिस्टिन या पेप्टाइडला निष्प्रभ करणारं, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाणारं जनुक २०१५मध्ये चीनमध्ये सापडलं.

पण नेमकी कोणती माळ? प्रथिनांतली नेहमीची अमिनो आम्लं २०. त्यांच्या २० मण्यांच्या माळा होतात एकावर २६ शून्यं इतक्या! पुण्याच्या आयसरमधला ‘परम ब्रह्म’ महासंगणक सेकंदाला सुमारे १७ कोटी कोटी गणितं करतो. एका गणितात एक माळ तपासून झाली असं धरलं, तरी जवळपास २,००० वर्षं लागतील. सातवाहनांच्या काळात सुरू केलेलं काम आत्ता कुठे संपलं असतं.

या प्रत्येक माळेचा एकेकच रेणू घेतला, तर एकूण वजन भरतं सुमारे ४०० किलो. चाकणच्या रस्त्यावरचा ‘छोटा हत्ती’ टेम्पो हा माल सहज नेईल. आता माळ ३७ मण्यांची करा. वजन दीड पृथ्वीहून जास्त! ३७ हा आकडा उगाच घेतलेला नाही. आपल्या त्वचेत आणि पांढऱ्या पेशींत जिवाणूंशी लढणारं ‘एलएल-३७’ तेवढंच लांब असतं. दीड पृथ्वीएवढ्या ढिगातून उत्क्रांतीच्या हाती ते लागलं, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

म्हणून आंधळा शोध उपयोगाचा नाही. निसर्गाने पारखलेल्या पेप्टाइडांवरून संगणकाला शिकवावं लागतं. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने उभारलेल्या ‘कॅम्प’ या संग्रहात नैसर्गिक व कृत्रिम पेप्टाइडांच्या २४ हजारांवर नोंदी आहेत, अंदाज बांधणारी साधनंही आहेत, आणि सगळं विनामूल्य. २०५०पर्यंत औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे ३ कोटी ९० लाख मृत्यू होतील, असा संशोधकांचा अंदाज आहे. माण-हिंजवडीत संगणकावर दिवस घालवणाऱ्या तरुणांनो, हा संग्रह एकदा उघडून पाहाच.