चौदा दिवसांची मर्यादा

मानवी भ्रूणापासून मूलपेशी प्रथम वेगळ्या करून वाढविल्या त्या १९९८ साली, अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे जेम्स थॉम्सन प्रभृतींनी. या पेशी मिळवावयाच्या तर सुमारे ५ दिवसांच्या भ्रूणाचा नाश ओढवतो, आणि वादाचे मूळ तेथेच आहे. मात्र भ्रूणावर किती दिवस प्रयोग करू द्यावेत, हा प्रश्न त्यापूर्वीच ब्रिटनमध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीपुढे आला होता. तिने १९८४ साली १४ दिवसांची मर्यादा सुचविली. १९९० साली तीस कायद्याचे रूप मिळाले.

चौदाच का? सुमारे पंधराव्या दिवशी भ्रूणात आदिरेषा उमटते. तोपर्यंत एका भ्रूणाची जुळी होऊ शकतात. तेव्हा जे अद्याप 'एक' म्हणूनही निश्चित नाही त्यास व्यक्ती कसे म्हणावे, असा युक्तिवाद करण्यात येतो. तो सबळ खरा, परंतु निर्णायक नव्हे. झाडाचे कलम करता येते, म्हणून मूळ झाड एक नव्हते असे कोण म्हणेल? समितीचा भरही केवळ जीवशास्त्रावर नव्हता. लोकांची चिंता शमविण्यासाठी कोठेतरी नेमकी रेषा आखणे तिला आवश्यक वाटले होते.

त्या काळी ही मर्यादा पाळण्यास संशोधकांस काहीच सोडावे लागत नव्हते, कारण प्रयोगशाळेत भ्रूण इतके दिवस जगतच नसे. २०१६ साली तो तेराव्या दिवसापर्यंत वाढविण्यात आला, आणि २०२१ साली मूलपेशी-संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने आपल्या नियमांतील सरसकट मनाई काढून टाकली. भारताच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मात्र १४ दिवसच आहेत.