इंजिनाची कल्हई

तांब्यापितळेच्या भांड्याला कल्हई का लावावी, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. भांड्याचे बळ पितळेचे असते. पण ताकाच्या आंबटपणाशी गाठ पडते ती वरच्या कथलाच्या पातळ थराची. अंग एका धातूचे आणि त्वचा दुसऱ्याची, ही साधी युक्ती इंजिनाच्या पिस्टनवर आणि त्याच्या धुराड्यावरही योजली जाते. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

हा विषय नंदुरबार जिल्ह्याला परका नाही. तापीकाठच्या रानात ऑईल इंजिनाचा ठोका ओळखीचा आहे. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्स या कंपनीचे नाव तर शेतकऱ्याच्या तोंडी बसले आहे. तळोद्याहून धडगावला जाणारा चांदसैली घाट किंवा शहाद्याकडून तोरणमाळचा चढ भरल्या गाडीने चढताना इंजिनाची कसोटी लागते. भर उन्हाळ्यात, पिकाला पाण्याची पाळी द्यायची असताना पिस्टन जाम झाला, तर नुकसान केवळ यंत्राचे होत नाही. हातचे पीक जाते. म्हणूनच ‘कोटिंगचा पिस्टन’, ‘सिरॅमिक सायलेन्सर’ हे शब्द दुकानात कानी पडले की त्यांचा नेमका अर्थ आपल्याला ठाऊक असावा.

प्रथम उष्णतेचा हिशेब पाहू. इंधन जळून निघालेल्या उष्णतेचे ढोबळमानाने तीन वाटे होतात. एक वाटा चाक फिरवतो, दुसरा थंड करणाऱ्या पाण्यात किंवा हवेत जातो आणि तिसरा धुरावाटे बाहेर पडतो. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधील वायूचे तापमान २००० अंश सेल्सियसच्याही वर जाते. पिस्टन ज्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, तो ६०० अंशांच्या आतच वितळू लागतो. मग पिस्टन वितळत का नाही? कारण ती धग क्षणभराचीच असते आणि पिस्टनने घेतलेली उष्णता रिंगांमधून सिलिंडरच्या भिंतीला व खालून तेलाला सतत दिली जाते. पिस्टन जगतो तो उष्णता सोसून नव्हे, तर ती देऊन टाकून. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढचे सारे उलगडते.

पिस्टनवरील लेपांचे मुख्य प्रकार दोन. पहिला घर्षणासाठी. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, त्यामुळे पिस्टन आणि बिडाचा लायनर यांच्यात केसाच्या जाडीएवढी फट सांभाळावी लागते. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात पिस्टन सेकंदाला ५० वेळा थांबून उलटा फिरतो. तेलाचा पडदा शाबूत असेल तोवर धातूला धातू लागत नाही; पण थंड इंजिन सुरू करताना किंवा ते फार तापले असता पडदा फाटतो आणि ओरखडे उठतात. अशा वेळी उपयोगी पडावी म्हणून पूर्वीपासून पिस्टनवर कथलाचा थर चढवीत, म्हणजे अक्षरशः कल्हईच. आता पिस्टनच्या खालच्या घेरावर, ज्याला कारागीर स्कर्ट म्हणतात, ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड राळेत कालवून लावतात. या थराची जाडी बहुधा मिलिमीटरचा शंभरावा-पन्नासावा भाग एवढीच असते. नवा पिस्टन खोक्यातून काढल्यावर बाजूस काळा पट्टा दिसतो, तो हाच. मळ समजून तो घासून काढू नये.

दुसरा प्रकार पिस्टनच्या माथ्यावरील उष्णतारोधक लेपाचा. चुलीवर ठेवण्यापूर्वी भांड्याच्या बुडाला मातीचा लेप देतात, त्याचाच हा आधुनिक भाऊ. यासाठी झिर्कोनिया नावाची चिनी मातीच्या जातीची भाजणी वापरतात. केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत सापडणाऱ्या झिरकॉन या खनिजापासून झिर्कोनिया करता येते. नुसती झिर्कोनिया तापता-निवताना आकार बदलून तडकते, म्हणून तिच्यात यिट्रियाची भर घालतात आणि ती वितळवून फवाऱ्याने चढवतात. असा थर ॲल्युमिनियमच्या मानाने जेमतेम शंभराव्या हिश्शाइतकीच उष्णता वाहून नेतो. खालचे ॲल्युमिनियम मात्र त्याच्यापेक्षा अधिक फुगते. म्हणून मध्ये जोडथर द्यावा लागतो. तो नीट बसला नाही तर पापुद्रे सुटतात, आणि सुटलेला कण सिलिंडरमध्ये कानसाचे काम करतो.

उष्णता कोंडून ठेवली तर इंधन वाचेल, या आशेने १९७० ते १९८० च्या दशकांत अमेरिकेत कमिन्स कंपनीने तेथील सैन्याबरोबर रेडिएटरविना चालणारे इंजिन तयार केले. ते चालले, पण लाभ अपेक्षेपेक्षा कमी निघाला. भिंती सदैव तापलेल्या राहिल्या की आत येणारी हवा फुगते, तिचे वजन घटते आणि वाचलेल्या उष्णतेचा मोठा भाग धुरातच निघून जातो. पेट्रोलच्या इंजिनात तर ठोके पडू लागतात. पुढे २०१५ मध्ये टोयोटाने आपल्या २.८ लिटर डिझेल इंजिनात निराळा मार्ग काढला. पिस्टनच्या माथ्यावर सच्छिद्र, सिलिकायुक्त पातळ थर दिला. तो ज्वलनाबरोबर झटकन तापतो आणि हवा येताना झटकन निवतो. उष्णता अडवण्यापेक्षा तिची वेळ साधणे महत्त्वाचे ठरले.

धुराड्याकडे वळले की प्रश्न उलटा होतो. तेथे उष्णता आत राहिलेलीच बरी. धुरातील विषारी वायू निवळणारे उत्प्रेरक सुमारे अडीचशे-तीनशे अंशांवर तापल्याखेरीज नीट काम करीत नाही. चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना हे साधन १९९५ पासून आणि भारत स्टेज ६ चे नियम देशभर १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यामुळे नळीतील उष्णता राखणाऱ्या सिरॅमिक लेपाला केवळ शोभेपलीकडचे महत्त्व आले. शेजारच्या रबरी नळ्या आणि चालकाचा पायही त्याने वाचतो. गंजाचे मात्र वेगळे आहे. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. फेरी लहान असेल तर ते सायलेन्सर तापण्यापूर्वीच त्यात साचते आणि तो आतून कुजू लागतो. बाहेरून दिलेला ॲल्युमिनियमचा रंग कितीही झळकला, तरी आतले कुजणे त्याने थांबत नाही.

तात्पर्य, लेप विकत घेताना एकच प्रश्न विचारावा: हा कशासाठी? घर्षणासाठी, उष्णतेसाठी की गंजासाठी? एक लेप तिन्ही कामे करील असे कोणी सांगितले, तर खिशातला हात खिशातच ठेवावा. आणि काळ्या मातीची धूळ गाळणारा एअर फिल्टर, रेडिएटरमधले पाणी आणि वेळेवर बदललेले तेल या तीन गोष्टी लेपाच्या आधीच्या आहेत. धुळीतील वाळूचे कण ग्रॅफाइटच्या थराहून कितीतरी कठीण असतात. भोक पडलेल्या भांड्याला आपण आधी डाग देतो, मग कल्हई. इंजिनाच्या बाबतीतही हाच क्रम पाळला, तर पैसा आणि पीक दोन्ही हाती राहतील.